नवमीचं पान

माझा आवाज मोठा आहे. द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात मी कंटेनरच्या गाड्यांचं काम बघते, आणि तिथे हळू बोलणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. गाडी सकाळी गेटवर लागायला हवी म्हटलं की लागायलाच हवी, टायर पंक्चर झाला, सासरा वारला, असल्या सबबी मला चालत नाहीत. ड्रायव्हर लोक पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. सांगायचं इतकंच की मी घाबरट बाई नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता.

गाठ मला श्रावणात हाताला लागली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, काखेकडे. दुखत नव्हती. दुखली असती तर लगेच गेले असते, आपल्याकडे दुखल्याशिवाय डॉक्टरकडे जातंय कोण. त्यातून पुढे गणपती. गौरी-गणपतीत आमच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो, म्हटलं गणपती गेले की दाखवू. गणपती गेले, दाखवलं. मग ते छाती चेपणारं मशीन, मग सोनोग्राफी, मग सुई, मग रिपोर्टची वाट. आणि मग एका दुपारी ती तरुण डॉक्टरीण आम्हा नवराबायकोला म्हणाली, बसा. आम्ही बसलेलोच होतो.

त्यापुढे ती बरंच बोलली. आधी केमो, त्याने गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, मग पुढचं पुढे. बरं होण्यासारखं आहे असं ती दोनदा म्हणाली म्हणे. हे मला घरी आल्यावर नवऱ्याने सांगितलं, कारण मी तिथे मान डोलवत होते तरी माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मला एकच ऐकू आलं होतं, की मी मरणार. असं ती कुठेही म्हणाली नव्हती. रिक्षात बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, घरी दूध आहे का. तो आहे म्हणाला, आणि रिक्षावाल्याला सीवूड्सचा रस्ता सांगायला लागला.

भीती काय चीज असते ते मला तेव्हा कळलं. तोंडचं पाणी पळालं, पोटात गोळा आला, हे सगळं आपण बोलत असतो, पण ते खरोखर तसंच होतं. तोंड सुकायचं, घोट घोट पाणी पिऊनही सुकायचं. सकाळी मी जागी व्हायच्या आधी भीती जागी असायची. भाजी चिरताना हातातली सुरी थांबायची आणि मी खिडकीकडे बघत उभी. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि बाहेर येऊन कुणी काही विचारलं तर अंगावर धावून जायचे. नवऱ्याने एकदा फक्त विचारलं, चहा घेतेस का. त्यावर मी त्याला जे बोलले ते त्या बिचाऱ्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आजाराची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर औषधाची जास्त होती. आमच्या नात्यात एकीला हेच झालं होतं. ती गेली तेव्हा तिच्या दारात बसून सगळ्या बायका एकच म्हणत होत्या, रोगाने नाही हो गेली, केमोने गेली. चांगली हिंडतीफिरती बाई, सुया टोचून टोचून मारली. मीही मान हलवली होती. तेच आता माझ्या डोक्यात बसलं होतं. आज मी चालतेबोलते, जेवते, ड्रायव्हरांना शिव्या घालते. त्या खुर्चीत जाऊन बसले की मी आजारी होणार. तोवर नाही. डोक्यात हे असं पक्कं झालं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा म्हणाला असता, वेडी आहेस का.

सोसायटीत कुणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, ती रडली, मी तिला दटावलं, मग फोन ठेवून मी रडले. घरात आम्ही तिघंच, मी, नवरा आणि सासूबाई. ऑफिसात मी सांगितलं की छोटंसं ऑपरेशन आहे. लोकांना कळलं की लिफ्टमध्ये चेहरे पाडतात, दारात येऊन हात हातात घेतात, आणि कुणाच्या कुणाला कसं झालं होतं ते सांगत बसतात. मला ते नको होतं.

सासूबाई गुहागरकडच्या. सासरे गेले तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीच्या वयाची होती, तेव्हापासून त्या आमच्याजवळ. पंचाहत्तरी उलटली, पण वार, तिथी, अमावस्या, सगळं तोंडपाठ. शनिवारी नखं काढायची नाहीत, संध्याकाळी केर बाहेर टाकायचा नाही, बुधवारी माहेरून निघायचं नाही. माझा स्वभाव हा असा, त्यांचा तो तसा. आमची पंचवीस वर्षं भांडणं चालली आहेत आणि दोघींपैकी कुणीही हरलेलं नाही. एका पितृपक्षात मी मुद्दाम वॉशिंग मशीन आणलं होतं, सेल होता म्हणून. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत म्हणून त्यांनी चार दिवस त्या मशीनला हात लावला नाही, स्वतःची लुगडी हाताने धुतली. मशीन अजून चालू आहे, हे मी त्यांना दर वर्षी ऐकवते.

आजाराचं सांगितलं तेव्हा त्या गवार निवडत बसल्या होत्या. सगळी गवार निवडून झाली, दोऱ्या गोळा केल्या, मग विचारलं, तारीख कधीची दिली आहे. मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पितृपक्षात येतंय ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पितरांच्या पंधरवड्यात असलं काही सुरू करू नये गो. पंधरवडा सरू दे."

मला ओळखणारा कुणीही पैज लावून सांगेल की आता ही बाई भडकणार. नवरा तर मला आवरायला दोन पावलं पुढेही आला. मी म्हणाले, आई म्हणतात ते बरोबर आहे. एवढे दिवस थांबलो, आणखी थोडे थांबू. बोलले आणि मला इतकं हलकं वाटलं, शाळेत परीक्षा पुढे गेल्यावर वाटायचं तसं.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग तो ओरडला. हा माणूस ओरडत नाही, घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. केमो म्हणजे काय वॉशिंग मशीन आहे का, म्हणाला, मुहूर्त बघून आणायला. सासूबाई उठून आत गेल्या. मी सोफ्यावर तशीच बसून राहिले. शेवटी त्यानेच हॉस्पिटलात फोन लावला. तिथल्या मुलीला काही नवल वाटलं नाही, म्हणाली, या पंधरवड्यात बरेच पेशंट हेच विचारतात. मग डॉक्टरीण फोनवर आली. तिने त्याला सांगितलं की आठवड्याने आभाळ कोसळणार नाही, पण आठवड्याचे महिने झालेले मी पाहिले आहेत, आणि मग ते पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा माझ्या हातात फार काही नसतं. घटस्थापनेनंतरची तारीख मिळाली.

ती डॉक्टरीण मला पुरती ओळखून होती. कारण माझ्या मनात पुढचं सगळं तयार होतं. घट बसले की घरात नऊ दिवस दिवा सांभाळायचा, तेव्हा कसं जमेल. मग दसरा, साडेतीन मुहूर्तांतला, सुरू करायचं तर तेव्हाच करावं. दसरा झाला की दिवाळी तोंडावर, दिवाळीत मुलगी घरी येणार, तिच्यासमोर उलट्या करत बसायचं का. आपल्याकडे सणवार इतके आहेत की पळायचं ठरवलं तर माणूस वर्षभर पळू शकेल. आयुष्यभर ज्या गोष्टींना मी हसले त्याच मला आता लपायला मिळाल्या होत्या. आणि रोज आंघोळीला गेले की हात आपोआप डाव्या बाजूला जायचा. कालच्यापेक्षा मोठी लागते आहे का? लागायची. मोठी लागायची आणि मी टॉवेल गुंडाळून बाहेर यायचे आणि म्हणायचे, अजून घट बसायचे आहेत.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या काकांच्या सुनेचा फोन आला, नवमीला जेवायला या म्हणून.

पितृपक्षातली नवमी ही अहेव गेलेल्या बायकांची, म्हणजे नवरा जिवंत असताना ज्या गेल्या त्यांची. अविधवा नवमी म्हणतात तिला. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या नावाने एका सवाष्णीला घरी बोलावतात, पाय धुतात, हळदीकुंकू लावतात, पानावर बसवून पोटभर जेवू घालतात, ओटी भरतात. खालच्या काकू तीन-चार वर्षांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅकने गेल्या. संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून सेक्रेटरीला फैलावर घेतलं आणि सकाळी गेल्या. माझं त्यांचं फार जमायचं, आवाज दोघींचा सारखाच. म्हणून पहिल्या वर्षापासून त्यांच्या नवमीची सवाष्ण मी. मला आवडायचं ते. काकूंच्या घरी वर्षातून एकदा त्यांच्या नावाने जेवायचं, त्यांच्या चार गोष्टी काढायच्या, हसायचं. कधी काही अवघड वाटलं नव्हतं.

या वर्षी नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, जाऊन ये, मीही येते सोबत.

सुई टोचलेल्या जागी अजून दुखत होतं, डावा हात वर केला की ब्लाऊज काचायचा. तरी काठापदराची साडी नेसले, गजरा माळला. काकांच्या हॉलमधलं डायनिंग टेबल भिंतीला सरकवलं होतं. मध्ये पाट, समोर केळीचं पान, पानाभोवती रांगोळी, बाजूला काकूंचा फोटो. सुनेने परातीत माझे पाय ठेवून पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं. मी पाटावर बसले. खीर, उडदाचे वडे, लाल भोपळ्याची भाजी, गवार, अळू, कढी, आमसुलाची चटणी. आणि पानाच्या कडेला शेवपुरी. काकूंना स्टेशनबाहेरची शेवपुरी जीव की प्राण, म्हणून त्यांचा मुलगा दर वर्षी आणतो, श्राद्धात चालत नाही असं कुणी म्हणालं तर भांडतो. दर वर्षी मी आधी ती शेवपुरीच तोंडात टाकते आणि सगळे हसतात.

सून वाढता वाढता म्हणाली, "आईच जेवायला बसल्यात असं समजून वाढते हं मी."

हेही ती दर वर्षी म्हणते. पण या वर्षी माझा हात पानावरच राहिला. मी मेलेल्या बाईच्या जागेवर बसले होते. आजवर मी तिथे पाहुणी होते, आज मला वाटलं की मी जागा बघायला आले आहे. पुढच्या नवमीला आमच्या हॉलमधलं टेबल असंच भिंतीला सरकवतील. फोटो कुठला लावतील? नवरा महाबळेश्वरचा काढेल, ज्यात मी उन्हाने डोळे बारीक केले आहेत, त्याला तो आवडतो. सवाष्ण म्हणून बहुतेक हीच सून वर येईल, जवळची म्हणून. आणि माझ्या आवडीचं म्हणून पानावर काय वाढतील, मला आवडते सुकटीची चटणी, ती तर पितरांना चालत नाही. हे सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. घास तोंडात होता आणि घशाखाली उतरत नव्हता. पाणी पिऊन तो ढकलला. मग दुसरा ढकलला. कुणाला कळू नये म्हणून मी अख्खं पान संपवलं, सगळं, शेवटच्या वड्यापर्यंत, आणि मला कशाचीही चव लागली नाही.

काकांची थोरली बहीण डोंबिवलीहून आली होती. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, प्रेमळ म्हातारी, सगळे तिला आत्याबाई म्हणतात. ती सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारी बसून काकूंबद्दल बोलत होती. पुण्यवान बाई, म्हणत होती. हिरवा चुडा भरून, कपाळभर कुंकू लेवून गेली, हाल नाहीत की अपेष्टा नाहीत, नवऱ्याच्या खांद्यावरून गेली, बाईच्या जातीला आणखी काय हवं. काका मान खाली घालून ऐकत होते. मला काकूंचा आवाज आठवला, टँकरवाल्याला झाडणारा. काकूंना आणखी पुष्कळ काही हवं होतं, हे मला माहीत होतं. त्यांना मुलीचं बाळंतपण करायचं होतं, काश्मीर बघायचं होतं, सेक्रेटरीला खुर्चीवरून खाली खेचायचं होतं. एरवी मी तिथेच हे बोलून दाखवलं असतं. त्या दिवशी मी रिकाम्या पानाकडे बघत बसले.

ओटी भरून झाली. उठून सगळ्यांना नमस्कार केला, शेवटी आत्याबाईंना. वाकताना डाव्या बाजूला कळ आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि म्हणाल्या, "अशीच अहेव जा हो, बाळ. आमच्या भावजयीसारखी."

हा आशीर्वाद आहे. लग्न झाल्यापासून मी तो किती वेळा घेतला असेल, सौभाग्यवती भव, अखंड सौभाग्य, त्या सगळ्याचा अर्थ शेवटी हाच, की नवऱ्याच्या आधी मर. मी कधी नीट ऐकलाच नव्हता. त्या दिवशी ऐकला. त्यांच्या पायांवर माझे हात होते आणि मला उठता येईना.

"हा आशीर्वाद तिला देऊ नका," सासूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्या माझ्या सासूबाईंकडे वळल्या. आमच्या सासूबाई वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड उघडत नाहीत, स्वतः इतक्या म्हाताऱ्या झाल्या तरी आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं माणूस दिसलं की उठून उभ्या राहतात. तशा आत्ताही उठून उभ्या राहिल्या होत्या.

"म्हातारी हो, असं म्हणा," त्या म्हणाल्या. "माझं कुंकू गेलं. मी मागे राहिले, नात मोठी केली, दोन घास सुखाने खाल्ले. मागे राहिलेली बाई मरत नाही. तिला कॅन्सर झालाय. तिला म्हातारी हो म्हणा."

तो शब्द आमच्या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. आम्ही 'ते' म्हणत होतो, 'गाठ' म्हणत होतो. त्यांनी तो सरळ काकांच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर म्हटला. सुनेच्या हातात खिरीचं पातेलं होतं, ते तिने खाली ठेवलं. आणि सासूबाई जे बोलल्या त्याचा दुसरा अर्थ मला पुष्कळ वेळाने कळला. मी मागे राहायचं म्हणजे आधी कोण जायचं, तर त्यांचा मुलगा. त्यांना तो अर्थ कळला नसेल असं मला वाटत नाही. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरचा हात काढला होता, तो त्यांनी परत ठेवला. म्हातारी हो, म्हणाल्या. म्हातारी हो, माझ्यापेक्षा म्हातारी हो.

लिफ्टसाठी न थांबता आम्ही जिन्याने वर आलो. दार लावल्या लावल्या सासूबाईंनी सांगितलं, हॉस्पिटलात फोन कर, लवकरात लवकरची तारीख माग. माझा सगळा राग तिथे बाहेर पडला. थांबा म्हणालात तुम्ही, मी ओरडले, पितृपक्ष पितृपक्ष तुम्ही केलंत, आता लोकांच्या घरात जाऊन बोभाटा केलात आणि मलाच सांगता फोन कर. मला ठाऊक होतं की मी खोटं बोलते आहे. त्यांनी एकदाच म्हटलं होतं, आणि धरून ठेवलं होतं ते मी. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, चुकलं माझं. पंचवीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या चुकलं म्हणत आहेत म्हणजे माझं खरोखर काहीतरी वाईट होणार, असं मला वाटलं आणि मी चप्पल पायात असतानाच खाली बसले. फोन नवऱ्याने केला. दोन दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्या दोन दिवसांत सासूबाईंनी आणखी एक केलं. डॉक्टरीण म्हणाली होती की अंगात ताकद हवी, अंडी, मासे, डाळी, सगळं खा. पितृपक्षात आमच्या घरात मासळीचं नाव घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन एकट्याच खाली उतरल्या आणि करावे गावातल्या बायका कोपऱ्यावर टोपल्या घेऊन बसतात तिथे गेल्या. मासळीवाली त्यांना ओळखते. आजे, पित्रांत म्हावरा, असं तिने विचारलं म्हणे, आणि यांनी सांगितलं की घरात आजारी माणूस आहे, ताजे बोंबील दे, पाणी सुटलेले देशील तर उद्या परत आणून टाकीन. नवरा ऑफिसातून आला तेव्हा दारातच थबकला, घरभर बोंबिलाचा वास. मी जेवले. भीती तिथेच होती, पोटात, बोंबिलांच्या शेजारी, पण जेवले.

तारखेच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. केमोची खोली मी कशी डोळ्यांपुढे आणली होती कोण जाणे, पण तशी ती नव्हती. खिडक्यांना पडदे, रांगेने मागे कलणाऱ्या मोठ्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. एक बाई डोक्याला रुमाल बांधून मालिका बघत होती आणि डब्यातला उपमा खात होती, नळी हाताला तशीच. मला तिच्याकडे बघवेना, आणि तिच्यावरून नजरही हलेना. तिच्या भुवया गेल्या होत्या. नवऱ्याला काउंटरवर बोलावलं म्हणून तो गेला. नातेवाइकांपैकी एकच जण आत चालतो, म्हणून सासूबाई माझ्याजवळ स्टुलावर बसल्या.

सिस्टर आली, हसून बोलली, ट्रे ठेवला. आधी उलटी होऊ नये म्हणून एक सलाईन, मग लाल रंगाचं औषध, मग दुसरं, असं तिने समजावून सांगितलं. मग माझा हात मागितला. मी हात दिला. तिने पट्टा बांधला, शीर शोधायला बोटांनी टिचक्या मारल्या, सुईचं टोपण काढलं. आणि मी हात ओढून घेतला. ठरवून नाही, आपोआप. पट्टा तसाच बांधलेला, हात पदराखाली घातला आणि छातीशी धरला. दसऱ्यानंतर येते, मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक होता. दसऱ्यानंतर नक्की येते, आज मला बरं वाटत नाही, मला घरी जायचंय. ड्रायव्हर लोकांच्या सबबी ऐकून घ्यायची सवय नसलेली मी, एकामागून एक सबबी सांगत होते. मला इतकी भीती वाटत होती की लाज वाटायलाही जागा उरली नव्हती. सिस्टरने पट्टा सैल केला आणि म्हणाली, घ्या, थोडा वेळ घ्या.

सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. त्या माझ्या अंगाला कधी हात लावत नाहीत, आमच्यात तसं नाही. त्यांनी माझा गुडघा धरला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू गेलीस तर दर नवमीला तुझ्या नावाचं पान मला वाढायला लागेल. रांगोळी घालायची, कुणाच्या तरी सुनेला तुझ्या जागेवर बसवायचं, आणि ती जेवते ते बघायचं. मला ते जमायचं नाही. मी सांगून ठेवते, मला जमायचं नाही. हात पुढे कर."

त्यांनी माझा गुडघा सोडला नव्हता. त्यांनाही भीती वाटत होती, माझ्याइतकीच, आणि एवढे दिवस माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी पदराखालून हात काढला आणि सिस्टरपुढे धरला. मान दुसरीकडे केली. सुई गेली तेव्हा मी ओरडले, चांगली मोठ्याने, आणि उपमा खाणारी बाई वळून बघायला लागली.

थोड्या वेळाने ते लाल औषध आलं. सिस्टर बाजूला बसून सिरिंजने ते हळूहळू सोडत होती आणि मी नळीकडे बघत होते. आता ते आत गेलं, आता आणखी गेलं. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. जप चालला असेल असं मला वाटलं. तरी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मी विचारलं, काय म्हणताय आई.

"पितरांना सांगत्येय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "हिची वाट बघू नका म्हणून."